सुजेचा आकडा

माझ्या भावाला आम्ही पैलवान म्हणतो. आधी काडीपैलवान म्हणायचो, मग तो चिडायला लागला म्हणून काडी काढून टाकली आणि नुसता पैलवान ठेवला. अंगावर मांस म्हणाल तर नावाला नाही. शाळेच्या शेवटच्या वर्षात त्याचं पोट दुखायला लागलं, मग रक्त पडायला लागलं, आणि डॉक्टरांचे उंबरे झिजवून झाल्यावर कळलं की मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, बारीक बारीक जखमा आहेत आणि हे दुखणं जन्माचं आहे. औषधांनी दबतं, जात नाही. त्याचं इंग्रजी नाव मी झोपेतसुद्धा सांगेन, पण ते तोंडात आलं की माझं डोकं फिरतं, म्हणून राहू दे.

माझं डोकं तसंही लवकर फिरतं. केस कापायचं दुकान आहे माझं. आरशासमोर बसलेल्या बाईने "थोडेसेच हं" असं पुन्हा पुन्हा म्हटलं की मी कात्री खाली ठेवते आणि म्हणते, मग घरीच कापा. तरी बायका येतात. हात चांगला आहे, तोंडाचं काय ते सांभाळून घेतात.

वडील आम्ही लहान असतानाच गेले. आई लॉन्ड्रीत इस्त्रीला. हॉटेलांच्या चादरी, पडदे, टेबलावरची कापडं, दिवसभर गरम वाफेपुढे उभं राहायचं. घरात आम्ही तिघं आणि संडास एक. त्यात एकाला वाईट दिवसांत सारखं जावं लागणार. पैलवान बाहेर आला की आई लगेच आत घुसायची. रंग बघायला. त्याने पाणी टाकलेलं असलं तरी तिला काय दिसायचं कोण जाणे, बाहेर येऊन म्हणायची, "आज बरा आहेस." किंवा काहीच म्हणायची नाही, आणि मग आम्हाला कळायचं. तो ओरडायचा, "आई, जरा तरी लाज ठेव!" ती म्हणायची, "तुझे लंगोट धुतलेत मी, मला नको शिकवू."

डॉक्टरबाई मधूनमधून शौचाचा नमुना मागवायच्या. त्यातून सुजेचा आकडा निघतो. आकडा लहान असला तर आतडं शांत आहे, मोठा असला तर आत आग लागलीय, इतकं साधं. पैलवान शाळकरी होता तेव्हा ती डबी घेऊन रस्त्याने जायला लाजायचा. कोणी विचारलं, हातात काय आहे, तर? म्हणून तो डबी भरून बाथरूमच्या फळीवर ठेवायचा आणि आई कामाला जाता जाता लॅबमध्ये देऊन जायची. पुढे त्याला मिशा आल्या, तो छापखान्यात बाइंडिंगला लागला, स्वतः कमावायला लागला, तरी डबी आईच नेत राहिली. हे बदलावं असं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही. घरात काही कामं अशी एकेकाच्या नावाने लागून जातात.

मग डॉक्टरबाईंनी व्यायामाचा गट काढला. या आजाराच्या लोकांनी नेमाने व्यायाम केला तर आतड्याची सूज उतरते का, हे त्यांच्या हॉस्पिटलला पाहायचं होतं. मी तिथेच भडकले.

"अहो, जिना चढला की याला धाप लागते. याला पळवणार तुम्ही?"

"पळवत नाही हो," त्या म्हणाल्या. "आधी चालवणार. ज्यांची सूज सध्या दबलेली आहे त्यांनाच घेतोय. थोड्या व्यायामाने थकवा कमी होतो, झोप सुधारते, एवढं दिसतंय. सूज कमी होते का, ते मी आज छातीवर हात ठेवून सांगणार नाही. तेच तर बघायचंय."

अट एकच होती. दर महिन्याला डबी द्यायची. आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की व्यायाम बंद, गटातून बाहेर, आणि पुन्हा औषधांचा मारा.

हॉस्पिटलच्या मागच्या मैदानात सकाळी हे लोक जमायचे. शिकवणारा माणूस गळ्यात शिट्टी अडकवून यायचा, म्हणून त्याचं नाव शिट्टी. त्याने चालायची वाट आखली होती ती मैदानाच्या गोलाप्रमाणे नाही, संडासांप्रमाणे. एक दरवाज्याजवळ, एक पार त्या टोकाला. कोणी हात वर केला की सगळ्यांनी जागच्या जागी पाय हलवत थांबायचं, कोणी काही विचारायचं नाही. विचारायचं नाही म्हणजे काय, हात वर करून एखादा सुटला की बाकीचे मागून ओरडायचे, "पहिला नंबर!" पैलवान घरी येऊन हे सांगताना हसून लोटपोट व्हायचा. जन्मभर ज्या गोष्टीसाठी खाली मान घातली, त्या गोष्टीवर चारचौघांत हसता येतं, हे त्याला पहिल्यांदाच कळलं होतं.

आणि खरं सांगते, तो बदलला. आधी कुरकुर करत जायचा, मग वेळेच्या आधी बूट घालून बसायला लागला. जेवायला लागला. गाढ झोपायला लागला. छापखान्यात कागदाचे गठ्ठे दुसऱ्याकडून उचलून घ्यायचा, ते स्वतः उचलायला लागला. गालांवर रंग आला. आकडा खाली उतरला, पुढच्या महिन्यात आणखी खाली उतरला. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे औषधामुळे की व्यायामामुळे, ते एकट्याच्या आकड्यावरून सांगता येणार नाही. आई म्हणाली, "त्यांना काय सांगता येतंय! मला दिसतंय ना."

एका सुट्टीच्या सकाळी आई मला घेऊन मैदानावर गेली. आत नाही गेलो, कुंपणाच्या जाळीबाहेर उभं राहिलो, त्याने पाहिलं असतं तर लाजला असता. शिट्टीने त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा हळू पळू दिलं. पैलवान पळाला. कोपरं बाहेर काढून, तोंड उघडं टाकून, काय ते ध्यान! पण पळाला. आईने जाळी धरली. "पळतोय गं," म्हणाली, "अगं, पळतोय तो." डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडाने मलाच दटावतेय, रडू नकोस म्हणून. मी कुठे रडत होते? बरं, रडत होते. मग ती मटकन खाली बसली. म्हणाली, उन्हात उभी राहिले ना, चक्कर आली.

पुढची डबी द्यायच्या सुमारास पैलवानाचं पोट बिघडलं. आदल्या दिवशी त्याने न थांबता मैदानाचा पुरा फेरा मारला होता. दोन दिवस पोट गच्च धरून बसला, सारखा आत-बाहेर करत राहिला. विचारलं तर म्हणे, बाहेर काहीतरी खाल्लं. रक्त नाही म्हणाला. आई गप्प गप्प होती. त्याने डबी भरून फळीवर ठेवली, ती घेऊन ती कामाला गेली. त्याचं पोट मग आपोआप ताळ्यावर आलं आणि तो पुन्हा मैदानावर जायला लागला.

आणि मग डॉक्टरबाईंचा फोन आला. आकडा मागच्या वेळेच्या कितीतरी पट वर गेला होता. इतका वर तो आजारपणाच्या सगळ्यात वाईट दिवसांतही गेला नव्हता. आम्ही तिघं त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"पण मला बरं वाटतंय," पैलवान म्हणत होता. "रक्त नाही, दुखत नाही."

"वाटणं वेगळं आणि सूज वेगळी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आतून चढत असेल. वाट बघायला नको."

गट बंद. स्टेरॉईड चालू. आई मध्येच म्हणाली, "परत एकदा तपासा ना, चुकलं असेल." त्या म्हणाल्या, आधी औषध, मग तपासू. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. लेकाच्या काळजीने, असं मला वाटलं.

स्टेरॉईडने त्याचं तोंड सुजून भोपळा झालं. झोप उडाली. चिडचिड अशी, की आमच्या घरात चिडायचा मक्ता माझा होता तो त्याने काढून घेतला. एकदा ताटच सरकवून दिलं आणि मग स्वतःच तोंड झाकून बसला. पुढची डबी गेली तर आकडा एकदम खाली. डॉक्टरबाई खूश, औषध लागू पडलं. खात्री करायला दुर्बीण घालून आतडं तपासलं, तर आत सगळं स्वच्छ, जुन्या जखमासुद्धा भरलेल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण एकदा इतका भडका उडाला होता, तेव्हा पळण्याचा जोर याला सोसला नसेल, असं मी धरून चालते. सध्या नकोच. घरातल्या घरात हलकं काय ते करा."

आतडं स्वच्छ निघालं, पण माणूस खचला. बूट त्याने खाटेखाली पार भिंतीपर्यंत ढकलून दिले. छापखान्यात गठ्ठ्यांना हात लावेना. दोन जिने चढायलाही लिफ्टची वाट बघत उभा राहायचा. मी एकदा झापलं, "म्हातारा झालास का?" तर म्हणाला, "ताई, मला वाटलं होतं, हे एक तरी माझ्या हातात आहे. चालायचं, पळायचं, आणि आतडं ऐकेल. ते ऐकत तर नाहीच, वर मी पळालो म्हणून चावतं. अशा शरीराचं काय करायचं गं?" मी त्याला चहा दिला.

अशाच एका दुपारी आई दुकानात आली. कामाच्या वेळेत, तेही. ती दुकानात कधी येत नसे. तुझ्या गिऱ्हाइकांसमोर माझा अवतार कशाला, म्हणायची. त्या वेळी कोणी नव्हतं.

"केस धू माझे," म्हणाली.

मी बेसिनपाशी तिला मागे रेलून बसवलं, मानेखाली टॉवेल दिला. इतकी वर्षं बायकांची डोकी धुतली मी, पण आईचं डोकं हातात घेतलं नव्हतं. मान हातात एवढीशी आली. बोटांत केस आले, ते जरा जास्तच आले. तिने डोळे मिटले होते.

"ती डबी त्याची नव्हती," ती म्हणाली.

"कुठली डबी?"

"आकडा चढला ती."

मला वाटलं लॅबमध्ये अदलाबदल झाली. डोकं तापलं माझं. "मग कोणाची होती? बघतेच मी त्या लॅबवाल्याकडे!"

"माझी," आई म्हणाली.

पाणी तिच्या कानात गेलं असेल, मला भान नव्हतं. ती डोळे न उघडता सांगत राहिली. पैलवानाचं पोट बिघडलेलं पाहून तिचं धाबं दणाणलं होतं. आता आकडा चढणार आणि याला काढणार, हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं. एवढा पळायला लागलेला पोरगा. एक महिना कसातरी ढकलू, तोवर तो सावरेल, असा हिशेब केला. लॅबमधून एक डबी जादाची मागून घेतली. त्याची फेकली, स्वतःची भरून त्याच्या नावाने दिली.

"मी ठणठणीत," ती म्हणाली. "मला कधी काय झालंय? म्हटलं, माझी दिली की आकडा येईल एवढुसा."

"आणि मग चढला तेव्हा? त्याला स्टेरॉईड दिलं तेव्हा? तोंडाचा भोपळा झाला त्याच्या, तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?"

"बोलले असते तर त्याला कायमचा काढला असता. डॉक्टरबाईंनी पुन्हा दारात उभं केलं नसतं आपल्याला. म्हटलं, पुढच्या वेळी त्याचीच देते, आकडा खाली येईल, सगळं सुरळीत होईल. मला काय ठाऊक ते पळण्याला दोष देतील!" आता तिने डोळे उघडले. "तू त्याला सांग, पळण्याने काही झालं नव्हतं. तुला बोलता येतं, काहीतरी जुळवून सांग. फक्त माझं नाव घेऊ नकोस. शपथ आहे तुला माझी."

मी नळ बंद केला. एवढ्यासाठी आली होती ती. लेकाची पळण्यावरची श्रद्धा परत मिळवून द्यायला. बाकी काही तिच्या डोक्यातच नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "मग तो आकडा कोणाचा?"

"मशीनचं काहीतरी झालं असेल."

"मशीन गेलं खड्ड्यात! तुला रक्त जातं का?"

ती छताकडे बघत राहिली.

"जातं का?"

"थोडं. मूळव्याध आहे गं ती. उभ्याचं काम, वाफेची उष्णता. लॉन्ड्रीत सगळ्याच बायकांना असते."

"किती दिवस?"

"ते कोण ध्यानात ठेवतंय?"

मी ओरडले. दुकानाचं दार उघडं होतं, रस्त्यावर ऐकू गेलं असेल, जाऊ दे. "त्याच्या मागे मागे संडासात जाऊन रंग बघत आलीस जन्मभर! स्वतःचा नाही दिसला?"

"स्वतःचं काय बघायचं असतं त्यात," आई म्हणाली. खरंच गोंधळली होती ती. मी काहीतरी विचित्र विचारतेय असा तिचा चेहरा होता.

ओल्या केसांची माझी आई समोर बसली होती आणि मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि तिला पोटाशी धरावंसं वाटलं, दोन्ही एकदमच. आयुष्यात तिची एकच तपासणी झाली होती, तीही पैलवानाच्या नावावर. आत काहीतरी वाईट आहे म्हणून तो आकडा जिवाच्या आकांताने ओरडला होता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून औषध पोराला दिलं होतं.

शपथ मी त्याच दुपारी मोडली. पैलवानाला छापखान्यातून बाहेर बोलावून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं आतडं बरं होतं?" तो म्हणाला. "पळण्याने नव्हतंच काही?" एवढं बोलला, आणि मग पुढचं त्याच्या डोक्यात उतरलं. भिंतीला टेकून तो खाली बसला. आपण आधी काय बोललो, हे तो स्वतःला अजून माफ करू शकलेला नाही. मी किती सांगितलं, अरे कोणीही तेच बोललं असतं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. त्या बराच वेळ आईच्या पापण्यांच्या आत बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "उद्याच या." आईला पुढच्या आठवड्यात जमणार होतं, चादरींचं काम होतं. मी म्हटलं, चादरी गेल्या चुलीत.

आतड्यात गाठ होती. यकृतापर्यंत पोचली होती. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, थोडं आधी आला असतात तर गोष्ट वेगळी असती. थोडं आधी म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. पैलवान तोंडाचा भोपळा घेऊन घरात आदळआपट करत होता, तेव्हा.

नमुन्यात फेरफार झाला म्हणून पैलवानाचं नाव गटातून कायमचं गेलं. ही शिक्षा नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण नियमाने ते आकडे आता धरता येणार नाहीत. माझा यावर राग नाही. आईला मात्र ऑपरेशननंतर शुद्ध आल्या आल्या तेवढंच हवं होतं. नळ्या लावलेल्या, ओठ कोरडे, आणि म्हणते, "त्याला परत घेतलं का?"

"घेतलं," पैलवान म्हणाला. माझ्या आधी म्हणाला.

आणि सुरुवातीला ते अगदी खोटं नव्हतं. आई घरी आल्यावर त्याने खाटेखालून बूट ओढून काढले. गट आत चालायचा, हा कुंपणाच्या जाळीबाहेरून त्यांच्या बरोबरीने चालायचा. शिट्टी आत शिट्टी वाजवून जाळीकडे मान वळवायचा, की हा पण पळायचा. आत कोणी हात वर करून सुटला की हा बाहेरून ओरडायचा, "पहिला नंबर!" परत आला की आई खिडकीजवळच्या खाटेवरून हात पुढे करायची. तो मान वाकवायचा, ती मानेवरून तळवा फिरवायची. "घाम आलाय," म्हणायची. "घाम आलाय म्हणजे बरं आहे." दिवसभरात तिचं तेवढंच एक सुख उरलं होतं. लॉन्ड्रीतल्या बायका भेटायला यायच्या, त्यांनाही हेच सांगायची, पैलवान पळतो म्हणून.

मग त्याला खरोखरच रक्त पडायला लागलं. या वेळी डबी त्याने स्वतः नेली, स्वतः दिली, आणि आकडा चढलेला आला. त्याचा स्वतःचा. का चढला? आईच्या काळजीने, जागरणाने, की आजारच तसला म्हणून, डॉक्टरबाईंनाही सांगता येईना. त्यांनी औषध बदललं, पळणं बंद करायला सांगितलं, सूज उतरली की हळूहळू चालणं सुरू करू म्हणाल्या. तेवढी वाट बघायची होती. वाट बघायला पैलवानाकडे वेळ होता, आईकडे नव्हता. तिला जेवण जात नव्हतं, डोळे पिवळे झाले होते.

"तिला कळता कामा नये," पैलवान म्हणाला. "घाम यायला हवा, ताई."

म्हणून तो रोज सकाळी आईसमोर बूट बांधायचा, "येतो गं" म्हणून बाहेर पडायचा आणि गुपचूप माझ्या दुकानात यायचा. मागच्या खोलीत, संडासाजवळच्या खुर्चीवर पोट धरून बसायचा. कधी कधी तिथून उठायची ताकद नसायची त्याला. संडासात जाऊन आला की त्याच्या मागे जाऊन रंग बघणारं तिथे कोणी नव्हतं. पळून यायची वेळ झाली की मी गिऱ्हाइकांचे केस ओले करायची फवाऱ्याची बाटली घ्यायची आणि त्याच्या मानेवर, कपाळावर, बगलेत, शर्टाच्या पाठीवर पाणी मारायची. हात बसलेला आहे माझा, कुठे किती ओलं व्हावं ते कळतं. वर केस जरा विस्कटून द्यायची. एकदा आरशात बघून तो म्हणाला, "आज लांब पळालो वाटतं." आम्ही दोघंही हसलो. मग तो घरी जायचा, दारातूनच धापा टाकत. गटातल्या गमती सांगायचा, ज्या त्याने ऐकलेल्याच नसायच्या. आई मान पुसायची, म्हणायची, "घाम आलाय."

काल मी तिचं अंग पुसत होते. पैलवान कामाला गेला होता. आता ती फार बोलत नाही, बोलायला दम लागतो. माझं मनगट धरून तिने मला खाली वाकवलं.

"तू पाणी जरा कोमट करून मारत जा त्याच्यावर," म्हणाली. "गार पाण्याने सर्दी होईल त्याला."